पाणजाईच्या झऱ्याचं वय

पाणजाईच्या झऱ्याजवळच्या जलप्रयोगशाळेत डॉ. शलाका नाईकनवरे एकट्याच काम करत. कड्यातली लेणी आणि वरचा गड पाहायला आलेली माणसं झऱ्याचं पाणी पिऊन संध्याकाळी उतरून जात. मग बोलायला कुणी नसे.

एका सकाळी क्षारमापकाने पाण्यात अनोळखी क्षार दाखवला. निसर्गात न आढळणारा, पाण्याचा माग काढण्यासाठी मुद्दाम बनवलेला तो 'मागक्षार' होता. या डोंगरावर तो एकाच माणसाने वापरला होता: डॉ. विश्राम गोडांबे यांनी, एकतीस वर्षांपूर्वी.

वरच्या पठारावरचं पाणीच खडकातून झिरपत झऱ्याला येतं, असं गोडांबे सांगत. पठारावर अंतराळयानांचा तळ उभारायचं घाटत होतं, म्हणून पुराव्यासाठी त्यांनी तिथल्या तळ्यात मागक्षार सोडला. दोन वर्षं ते झऱ्याशी बसून राहिले. काहीच आलं नाही. लोक हसले, त्यांचं संशोधन बंद पडलं आणि पुढच्याच वर्षी सगळं पठार काँक्रीटखाली गेलं.

गोडांबे आता साताऱ्यात एकटे राहत होते. शलाकांनी त्यांना फोन करून बातमी दिली.

"म्हणजे पाणी खाली यायला एकतीस वर्षं लागतात," ते म्हणाले. "मी दोनच थांबलो."

"तुमचं खरं होतं, सर. आता सगळ्यांना मान्य करावं लागेल."

"पठार कधी झाकलं, आठवतंय तुम्हाला?"

शलाकांनी वर्षं मोजली. क्षार सोडल्यानंतर तीन वर्षांनी. म्हणजे आज येणाऱ्या पाण्यामागे फक्त तीन वर्षांचं पाणी उरलं होतं. त्याच्यामागे काहीच नव्हतं.

"काँक्रीट उद्याच फोडलं तर?" त्यांनी विचारलं.

"फोडाच. पण उद्याचा पाऊस झऱ्यावर पोचायलाही एकतीस वर्षं लागणार. मधला काळ कोरडा."

पुरावा पाण्यातच होता, त्यामुळे या वेळी कुणी हसलं नाही. तळ हलवला गेला, काँक्रीट निघालं. तरी तिसऱ्या उन्हाळ्यात झरा थांबला. झऱ्याच्या पाण्यावर जगणारी खालची पाणजाईवाडी धरणाकाठी राहायला गेली. लेणी पाहणारेही येईनासे झाले.

गोडांबे एकदा येऊन झऱ्याच्या कोरड्या कुंडाशी बसले. "माझं खरं ठरायला नको होतं," एवढंच म्हणाले.

शलाकांनी बदली घेतली नाही. पाऊस पडला की त्या पठारावर जात. मोकळ्या जमिनीच्या भेगांतून पाणी खाली शिरताना ऐकत उभ्या राहत. खालच्या वाडीत कुणीच नव्हतं.