काचेआडचं ऊन

पहिल्या भेटीत त्याने बाही सरसावून स्वतःचाच हात पुढे केला.

"अहो, रक्त तुमचं नाही, बाबांचं घ्यायचंय!" हसू दाबत ती म्हणाली.

"माहितीये... त्यांना दाखवत होतो, काही होत नाही म्हणून."

लॅबमध्ये रक्त घेण्यात सहा वर्षं घालवलेली ती तेवढ्यानेच विरघळली. व्हीलचेअरमधल्या त्याच्या वडिलांना पक्षाघात होऊन चार महिने झाले होते. उजवी बाजू लुळी, ओठ वाकलेला, शब्द तोंडातच अडकायचे. व्हिटॅमिन डी तीसच्या वर हवं, ते आलं अवघं अकरा. घरात अडकून पडलेल्या अशा पेशंटचं ते बहुधा कमीच येई, आणि ठिसूळ हाडं घेऊन एकदा जरी पडलं तरी महागात पडणार होतं. मूतखड्याचा जुना त्रास असल्यामुळे डॉक्टर म्हणाले, डीच्या गोळ्या लगेच नकोत, आधी रोज ऊन द्या, तीन महिन्यांनी बघू.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, म्हणून दर पंधरवड्याला बापलेक तपासणीला यायचे.

"ऊन देताय ना?"

"रोज अकराला, अर्धा तास. ऑफिसात बोलणी खातो... पण तुमचा हुकूम मोडत नाही."

"माझा कुठला? डॉक्टरांचा!"

"त्यांचा चेहरा आठवतोय कुणाला..."

ती उगाच रक्ताच्या नळ्यांवर लेबलं चिकटवत बसे. तीन महिन्यांनी आकडा आला बारा. आता पंधरवड्याच्या फेऱ्यांखेरीजही ते येतील, या विचाराने तिला क्षणभर चक्क बरं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली. पुढचं रक्त घ्यायला ती त्यांच्या घरीच गेली, मुद्दाम अकरा वाजता.

वडील केस विंचरून खिडकीशी बसले होते, मांडीवर लख्ख ऊन. खिडकीची काच मात्र गच्च बंद.

"उघडत नाही?"

"समोरच्यांना तोंड दिसतं," तो हळूच म्हणाला. "बाबांना नको वाटतं."

"अहो, काचेतून ऊब येते... पण डी तयार व्हायला ऊन थेट अंगावर लागतं."

त्याने बंद काचेकडे पाहिलं. नव्वद दिवस, एकही खाडा नाही! त्याचा पडलेला चेहरा तिला बघवेना. ती वडिलांसमोर उकिडवी बसली.

"काका, खाली बाकावर बसू या? मला एकटीला संकोच वाटतो."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग डावा हात चाकावर टेकवून त्यांनी स्वतःच खुर्ची दाराकडे वळवली.

खाली एकदोघांनी वळून पाहिलं, एकाने मान लववली. वडिलांनीही लववली, वाकड्या ओठांनी हसत. तो खुर्चीमागे उभा, डोळे पुसत.

"तुम्हाला कधीपासून... म्हणजे मी..." तो तिला म्हणू लागला, आणि गाडी तिथेच अडली.

वडिलांनी मान मागे वळवली. जिभेशी झगडत, एकेक अक्षर ओढत म्हणाले, "वि...चार... तिला."

चार शब्द सलग न येणारा माणूस लेकाची वकिली करत होता! ती लाजून लाल झाली.

"विचारायचं काय त्यात?" ती म्हणाली. "उद्याही अकराला येते... सुई न घेता."