बयाबाईचं तेल

ही गोष्ट ऐकीव नाही. सरुबाईचा उजवा हात आम्ही इंदुरी गावच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिला आहे.

१९३८ सालचा श्रावण. खंडाळ्याच्या घाटात रुळांवरची दरड उपसताना तिचा नवरा सोपान याच्या डोक्यात दगड बसला. लोणावळ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो बेशुद्ध.

मेंदू सुजत चालला होता. डॉक्टर माधवरावांनी कवटीचा एक तुकडा कापून काढला.

"सूज उतरेपर्यंत ही जागा उघडी राहिली पाहिजे," ते सरुबाईला म्हणाले. "बुजली, तर माणूस हाती लागणार नाही."

तिथली कातडी तान्ह्या बाळाच्या टाळूसारखी उडत होती.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली...

आतून तेलाने चिंब.

डॉक्टर सरुबाईवरच उखडले.

"देवाशपथ, म्या हातसुदिक लावला न्हाई."

डॉक्टरांनी जखमेच्या कडा चाचपल्या. भोक निम्मं बुजलं होतं. हाड असं एका दिवसात भरत नसतं...

सरुबाईला वास आला. खोबरेल आणि वेखंड.

हा वास तिच्या सासूचा, बयाबाईचा. निम्म्या गावाची बाळं बयाबाईने न्हाऊ घातली, तेल जिरवून त्यांच्या टाळू भरल्या. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

म्हातारी लेकाचं भलंच करायला आली होती. आणि तिच्या तेलानेच तो मरणार होता.

दुपारी सोपानला घरघर लागली. डॉक्टर हत्यारं उकळायला धावले. खोलीत सरुबाई एकटी.

पुन्हा वेखंडाचा वास...

तिने उजव्या पंजाने पट्टी झाकली.

"आत्याबाई, ही टाळू भरू नगा. तुमचा ल्योक मरतुय."

उशाशी खाट करकरली. कोणीतरी बसलं होतं.

तिच्या हातावर कोमट तेल पडलं. मग बोटं... मायेने गोल गोल फिरणारी.

हात बधिर होत गेला. सरुबाईने काढला नाही.

डॉक्टर आले तेव्हा वास गेला होता. त्यांनी भरलेलं हाड पुन्हा कापलं. ते परत भरलं नाही. सोपान जगला.

सरुबाईचा पंजा मात्र पुन्हा कधी मिटला नाही. कातडीखाली बोटांपर्यंत नुसतं हाड भरलं होतं.

पुढे तिला नातू झाला. सुईणीच्या हातातलं वेखंड तिने अंगणात भिरकावलं. तरी संध्याकाळी पाळण्याशी तोच वास आला... सरुबाई बाळाच्या डोक्यावर हात धरून रात्रभर बसली.

तो नातू मीच. मी आजही डोक्याला तेल लावत नाही. तरी कधीकधी सकाळी उशी तेलाने ओली असते...