फुटला, फुटला

समीक्षानं टेबलावरच्या कवटीला गॉगल चढवला आणि फोटोसाठी मोबाइल पुढं धरला. मेडिकलचं पहिलं वर्ष. हाडांचा संच एका सीनियरकडून आणलेला. टाकवे गावात रात्री वीज गेलेली, घरात एकच मेणबत्ती.

"गॉगल काढ तो," बाजीरावकाका म्हणाले. जन्मभर बातमीदारी केलेला माणूस, आवाज अजून तसाच खणखणीत. "त्याचं नाव माहितीय तुला?"

"कवटीला कसलं नाव, काका?"

"हेच. सगळे हेच म्हणतात. बस खाली. औंढे गावच्या कैलासची गोष्ट सांगतो. त्याच्याच तोंडून ऐकलीय."

मग काकांनी सांगितलं ते असं.

कैलास इलेक्ट्रिशियन. १७ नोव्हेंबर २०२२, गुरुवार. रात्री साडेनऊला लोणावळ्यातल्या तुंगार्लीतून फोन आला. बंगल्याचा इन्व्हर्टर बंद, सकाळी पाहुणे येणार. बंगला एका वारलेल्या डॉक्टरांचा. ते शरीररचना शिकवायचे. आता मुलं बंगला भाड्यानं देतात. राखणदार पवननं जिन्याखालची खोली उघडून दिली.

"तुमी बघा, मी गेट लावून येतो. आत उंदीर हायेत, भिऊ नका."

"वायरी खाल्ल्या न्हाईत ना? मग राहू देत," कैलास हसला.

खोली कपाटाएवढी. खिडकी नाही. बॅटरीतलं पाणी आटलं होतं. कैलासनं पाण्याची बाटली उचलली आणि मागं दार लागलं. त्यानं ढकललं. खांदा लावला. दार हललं नाही.

"पवन! ए पवन!"

मोबाइलला रेंज नव्हती. त्यानं टॉर्च लावला. उजेड फळीवर पडला.

कवटी. खरी. टाळू करवतीनं कापून हुकांनी पुन्हा बसवलेला, खालचा जबडा स्प्रिंगवर. कानामागं शाईनं लिहिलेलं ४१. डाव्या भुवईच्या वर एक खळी. जुनी, भरून आलेली.

कैलासचा हात थांबला.

त्याच्या वडिलांना, दत्तोबांना, तरुणपणी बैलाचं शिंग लागलं होतं. तिथंच. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसला की कैलासचं बोट त्या खळीत असायचं.

दत्तोबा २००८ साली दुधाचा कॅन घेऊन लोणावळ्याला गेले, ते परतले नाहीत. त्या दिवसापासून आईनं, शालूबाईनं, रात्री कडी लावली नव्हती. "आलं आन् दार लावल्यालं बघून मागं फिरलं तर?" बारा वर्षांनी भाऊकीनं दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला. डोक्याच्या जागी नारळ. शालूबाईनं हिरव्या लुगड्याची पट्टी फाडून त्याला फेट्यासारखी बांधली. चितेवर कवटी फुटल्याशिवाय माणूस सुटत नाही, म्हणून सगळे तो नारळ फुटायची वाट बघत उभे. तो फुटला नाही. घरंगळून बाहेर आला. लोक कुजबुजायला लागले. कैलासनं तो पायानं इंद्रायणीत लोटला आणि मोठ्यानं म्हणाला, "फुटला, फुटला."

"मला कसं ऐकू आलं न्हाई रं?" आईनं विचारलं होतं. आणि कडी लावली नाही.

"पण काका, कवटी डॉक्टरांकडं कशी गेली?" समीक्षानं विचारलं.

"मी नंतर कागद काढले. २००८ सालीच लोणावळ्याजवळ रुळांवर एक माणूस मेलेला सापडला. बेवारस ठरवून या डॉक्टरांच्या कॉलेजला दिला. पंचनाम्यात लिहिलंय, उजव्या हातावर गोंदण. काय गोंदलंय ते वाचायची तसदी एकानं घेतली नाही! दत्तोबांनी हातावर स्वतःचं नाव गोंदवून घेतलं होतं. वाचलं असतं तर गाव दोन कोसांवर होतं. बेवारस माणूस नसतो पोरी. बेवारस करतात." "ऐक पुढं."

कैलासनं बोट पुढं केलं. खळीवर ठेवलं.

बरोबर बसलं.

टक्. टक्.

दत्तोबा बैलांना जिभेनं असा आवाज करायचे. शेतातून पोराला बोलवायलाही तोच.

कवटीला जीभ नसते.

कैलास मागं सरला. पाठीला दार. पुढं एक हात जागा.

"आबा...?"

टक्. टक्.

"दार उघडा आबा... मला जाऊ द्या..."

त्यानं मुठीनं दार बडवलं.

टॉर्च विझला. अंधारात खोबरं करपल्याचा वास आला. भिंती तापल्या. श्वास घेता येईना. बाहेरून एक आवाज नाही. आतून...

टक्. टक्.

"आबा, मी खोटं बोललो." "फुटला नव्हता..."



मग, अगदी कानाशी, फट्ट.

दार त्याच्या पाठीला ढकलत आत उघडलं. पवन टॉर्च घेऊन उभा. "काय मिस्त्री, वरडताय का? आतून वढायचं असतंय ह्ये दार. ढकलत बसला व्हय?"

कैलासनं फळीकडं बघितलं. कवटी नव्हती. तिच्या जागी काहीतरी होतं. त्यानं ते रुमालात बांधलं आणि गाडी काढली.

औंढ्याला घराचं दार नेहमीसारखं उघडं होतं. शालूबाई जागी होती. त्यानं रुमाल तिच्या मांडीवर ठेवला. एका बाजूनं काळा पडलेला नारळ, मधोमध दुभंगलेला. हिरवी पट्टी ओली.

ती उठली. दार लावलं. चौदा वर्षांनी कडी घातली.

मग परत येऊन तिनं नारळावर तळहात ठेवला.

"कैलास," ती म्हणाली, "ह्यो गरम हाय रं अजून."