शेपटी धरायची असते

ट्रान्सफॉर्मर जळून प्रयोगशाळेचा फ्रीझर बंद पडला, तेव्हा मी गडचिरोलीतल्या आमच्या कॉलेजच्या फाटकाशी थर्माकोलचा डबा छातीशी धरून उभी होते. आणि समोर येऊन थांबला... कुल्फीचा टेम्पो.

डब्यात करंगळीच्या पेराएवढी नळी होती आणि तिच्यात कायनेज नावाचं प्रथिन. दोन महिने वाट पाहून बंगळूरहून आलेलं. प्रबंध महिनाअखेरीस द्यायचा होता. नळी वितळली की सगळं संपलं.

"भाऊ, तुमचा फ्रीझर किती थंड असतो?"

"उणे वीस." त्याने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे... जरा जास्तच वेळ. "काऊन? मेलं का कोणी?"

उणे वीसवर दिवस निभावला असता. पण तो चामोर्शीच्या बाजाराला निघाला होता. नळीला एकटं सोडायचा प्रश्नच नव्हता. ती त्याच्या फ्रीझरमध्ये ठेवून मी पुढच्या सीटवर चढून बसले.

त्याचं नाव प्रवीण. वाटेत तो विचारत गेला आणि मी सांगत गेले. पेशीला बाहेरून निरोप येतो, कायनेज तो आत पोचवतं. जखम भरणंसुद्धा अशाच निरोपांवर. आपल्याकडे जखमेला झाडाची साल उगाळून लावतात, तिचा या निरोपावर काही परिणाम होतो का, हे मला पाहायचं होतं.

"म्हणजे पोस्टमन."

"हो. पण प्रयोगासाठी घडवलेला. जनुक माणसाचं, बनवलं किड्याच्या पेशींत."

"मामाघरी वाढलेलं पोट्टं," तो म्हणाला. मला हसायचं नव्हतं, तरी हसले.

"अन् नळीवर इंग्रजीत 'हिज' लिवलं हाय. हिज म्हणजे त्याचा ना? कोणाचा?"

"हिस आहे ते. हिस्टिडीन. प्रथिनाला जोडलेली शेपटी. हजारो प्रथिनांच्या गर्दीतून आपलं काढायचं, तर शेपटी धरायची असते."

"बरं झालं... मले वाटलं, कोणी मालक हाय." त्याने आरसा नीट केला. आरशात आता रस्ता दिसत नव्हता, मी दिसत होते.

झाकण उघडलं की गरम हवा आत जाते, एवढंच मी एकदा सांगितलं होतं. बाजारात पोचलो, आणि त्याने फ्रीझरवर दुपट्टा टाकून करकचून गाठ मारली. ऐन बाजाराचा दिवस, रणरणतं ऊन, गिऱ्हाइकांची रांग... आणि हा प्रत्येकाला हात जोडून परत पाठवत होता. मी म्हटलं, थोडी तरी विका. तो ऐकेना.

शेजारी वांगी विकणाऱ्या वच्छलाबाईंना राहवलं नाही. "काऊन रे प्रवीण, नवरी लपवून राह्यला का आतमंदी?"

"नाई बाई, आतमंदी पोस्टमन हाय." मग माझ्याकडे न बघता, हळूच, "नवरी तं बाहेर..."

वाक्य त्याने गिळलं. माझे कान मात्र तापले.

मी दर दहा मिनिटांनी तापमान बघत होते. उणे एकोणीस. उणे एकोणीस. (सवय अजून गेली नाही. आता लेकीच्या कपाळाला हात लागतो, आणि तिचे बाबा म्हणतात, सोड ना, उणे वीस थोडीच पाहिजे.)

चारला कॉलेजमधून फोन आला, लाइट आली. परत पोचलो तेव्हा नळी दगडासारखी गोठलेली होती. आणि टेम्पोतली एकही कुल्फी विकली गेली नव्हती.

आठवड्याने प्रयोग केला. कायनेज जिवंत होतं, आणि साल घातल्यावर आकडे हलले... थोडे, पण हलले. माझे मार्गदर्शक सर येण्याआधी मी फाटकाकडे धावले. टेम्पो उभाच होता. निरोप कोणी दिला होता, कोण जाणे.

"पोस्टमन जगला?" त्याने विचारलं.

मी मानेनेच हो म्हटलं. बोलायचं पुष्कळ ठरवलं होतं, पण... खिशातली लेबलं चिकटवायची पट्टी काढली, मार्करने इंग्रजीत तीन अक्षरं लिहिली आणि माझ्या मनगटाला चिकटवली.

त्याने वाचलं. "हिस... टिडीन?"

"नाही. तू त्या दिवशी वाचलं होतंस तेच."

त्याने पट्टी पुन्हा वाचली.

"शेपटी आहे," मी म्हटलं. "धरायची असते."

त्याने धरली.