बोंबील आणि दुसरं भकल

गंधपालच्या छातीवरचा दिवा लाल झाला, तेव्हा उर्वी चोगले आईच्या ओट्यावर बसून व्हॅनिलाचं बिस्कीट खात होती.

खारवली बंदरात मासे हुंगून तपासणारं हे यंत्र, गंधपाल, येऊन महिना झाला होता. खाली तीन चाकं, वर एक लवचिक हात आणि हाताच्या टोकाला लांबुळकं कृत्रिम नाक. पोरं त्याला ‘नाकाड्या’ म्हणायची. रोज सकाळचा लिलाव संपला की तो कुठल्याही चार-पाच पाट्या निवडून त्यांच्यावर नाक फिरवायचा, शेरा नोंदवायचा आणि पुढे सरकायचा. आज तो सरकला नाही.

“दमयंती चोगले यांच्या बोंबलांत फॉर्माल्डिहाइड आढळलं,” तो म्हणाला. “मासे फॉर्मालिन लावून टिकवल्याचा संशय. हा तिसरा लाल शेरा. पाटी जप्त, ओट्याचा परवाना रद्द.”

दमयंतीच्या हातातला कोयता थांबला. “फॉर्मालिन? शाळेतल्या बरणीत मेलेला साप ठेवतात, ते? अरे मेल्या, पहाटे पाचला होडीतून उतरलंय म्हावरं! बघ, माश्या बसतायत. औषध मारलेल्या म्हावऱ्यावर माशी फिरकते का?”

“माशी हा पुरावा होत नाही.”

उर्वीनं बिस्कीट खाली ठेवलं. आई खोटं बोलत नव्हती. पाटी होडीतून उतरवताना उर्वी स्वतः सोबत होती. पण नाकाड्याचं नाकही खोटं बोलत नव्हतं. मागच्या आठवड्यात त्यानं बर्फात लपलेली एकच कुजकी कोळंबी शोधून काढली होती. मग कुणी न घातलेलं फॉर्माल्डिहाइड बोंबलांत आलं कुठून?

यंत्राचा हात पाटीकडे वळला. उर्वीनं झटकन पाटीवर फळी टाकली आणि वर मांडी घालून बसली.

“उचल आता!”

“मुलांना स्पर्श करण्याची मला परवानगी नाही.”

“माहितीये. म्हणून तर बसले.”

“बाय, ऊठ गं,” आई हळूच म्हणाली. “साहेबाला बोलवेल तो.”

“बोलवू दे. आये, तू चोर नाहीस, मग मी का उठू? ए नाकाड्या, फॉर्माल्डिहाइड म्हणजे काय, ते आधी सांग.”

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं गंधपालवर बंधनकारक होतं. “ते अल्डिहाइड कुटुंबातलं सगळ्यात लहान भावंड आहे. कार्बनच्या अणूला चार हात असतात, असं समजा. अल्डिहाइडमध्ये टोकाचा एक कार्बन दोन हातांनी ऑक्सिजनला घट्ट धरतो आणि तिसऱ्या हातानं हायड्रोजनला. ही त्या कुटुंबाची खूण. चौथा हात कुणाला धरतो, त्यावर रेणूचा (जोडलेल्या अणूंच्या गटाचा) स्वभाव ठरतो. चौथ्या हातातही हायड्रोजनच असला, तर ते फॉर्माल्डिहाइड. ते पाण्यात विरघळवलं की फॉर्मालिन होतं. ते प्रथिनांना (शरीराची बांधणी करणाऱ्या पदार्थांना) एकमेकांशी जखडून टाकतं. म्हणून मेलेला साप सडत नाही, आणि म्हणूनच ते जिवंत माणसाला घातक.”

“आणि चौथ्या हातात दुसरं कुणी असलं तर?”

“तर दुसरं अल्डिहाइड. आपल्या बिस्किटात आहे ते व्हॅनिलिन. आपल्या आईंच्या डब्यातल्या कालवणात दालचिनीचं सिनॅमल्डिहाइड आहे, कोथिंबिरीची दोन-तीन आहेत.”

“माझ्या कालवणातपण विष म्हणतो काय हा?” दमयंती उसळली.

“नाही. कुटुंब एक, स्वभाव निरनिराळे. लाल यादीत फक्त फॉर्माल्डिहाइड आहे.”

तेवढ्यात बाजार निरीक्षक मोकाशी साहेब घाईघाईनं आले. “काय तमाशा आहे? ऊठ गं पोरी! यंत्रानं सांगितलं म्हणजे झालं.”

“साहेब, यंत्र नुसतं ‘आहे’ म्हणतंय. कुणी घातलं, ते त्याला कुठे माहितीये?” उर्वीनं फळीच्या फटीतून हात घालून एक पापलेट बाहेर काढलं. “हे याच पाटीतलं. हुंग!”

नाक फिरलं. दिवा हिरवा.

“पाटीवर औषध शिंपडलं असतं, तर ते पापलेट चुकवून नुसत्या बोंबलांवरच पडलं असतं का?”

“शक्यता अतिशय कमी,” गंधपाल म्हणाला.

“म्हणजे ते बोंबलाच्या आतूनच आलं. नाकाड्या, आत असं काय असतं, ज्याचं फॉर्माल्डिहाइड होईल?”

यंत्रानं नाक पाटीकडे वळवलं. “समुद्री माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड (खाऱ्या पाण्यात तग धरायला मदत करणारा पदार्थ) असतं. बोंबलात ते भरपूर असतं, शिवाय ते फोडणारं विकरही (रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारं प्रथिन) असतं. मासा मेल्यावर ही फोड होत राहते. तिच्यातून दोन रेणू बाहेर पडतात. एक डायमिथाइलअमाइन. दुसरा फॉर्माल्डिहाइड.”

उर्वी फळीवरून पुढे झुकली.

“तुला हे आधीपासून ठाऊक होतं?”

“हो. मला कुणी विचारलं नव्हतं. नियमात एकच प्रश्न आहे: फॉर्माल्डिहाइड आहे की नाही?”

उर्वीला हसावं की रडावं कळेना. एका रेणूचे दोन तुकडे... तिची नजर आईनं होडीवर फोडायला ठेवलेल्या नारळावर गेली. तिनं तो उचलून ओट्याच्या कडेवर आपटला. त्याची दोन भकलं झाली. एका भकलावर तीन डोळे होते, दुसरं कोरं.

“साहेब, समजा माझ्यापाशी डोळ्यांची शंभर भकलं सापडली आणि जवळजवळ तेवढीच कोरी. तर नारळ मीच फोडले. पण डोळ्यांची शंभर आणि कोरं एकही नाही, तर?”

“तर... बाहेरून आणली असणार,” मोकाशी पुटपुटले.

“मग नाकाड्या, दुसरं भकल शोध!”

तिनं फळी जराशी सरकवली. नाक बोंबलांवर बराच वेळ थबकलं. “डायमिथाइलअमाइन आहे. फॉर्माल्डिहाइडपेक्षा थोडं जास्तच. हे अपेक्षित आहे, कारण फॉर्माल्डिहाइड मांसाला चिकटून काही प्रमाणात हरवतं. निष्कर्ष: फोड माशातच झाली.”

“ते ठीक आहे,” मोकाशींनी कपाळ पुसलं. “पण नियम मी बदलू शकत नाही. शेरा राहणार.”

“मग मीही इथंच राहणार.”

शेजारच्या ओट्यावरची मावशी उठली आणि तिनं आपली बोंबलांची पाटी उर्वीशेजारी आणून आदळली. “माझीपण हुंग रे!” दिवा लाल. मग दुसरी आली, तिसरी आली. बोंबलाच्या सतरा पाट्या, सतरा लाल दिवे.

“सतरा जणींनी एकाच सकाळी औषध मारलं का, साहेब?” दमयंतीनं पदर खोचून विचारलं. “लिहा की तसं. सह्या करतो आम्ही.”

मोकाशींनी सतरा पाट्यांकडे पाहिलं, मग गंधपालकडे. “दोन्ही मोजमापं मुख्य कार्यालयात पाठव,” ते शेवटी म्हणाले. “सगळ्या पाट्यांची. आणि तोवर... जप्ती थांबव.”

आठ दिवसांनी नियमात दुसरा प्रश्न आला: सोबत डायमिथाइलअमाइन आहे की नाही? दमयंतीचे तिन्ही शेरे पुसले गेले. त्याच सकाळी बाहेरगावच्या एका ट्रकमधल्या सुरमईवर दिवा लाल झाला. ट्रकवाल्यानं बातमी ऐकली होती. तो हसत म्हणाला, “अहो, ते माशात आपोआप होतं!”

नाक पुन्हा फिरलं. “फॉर्माल्डिहाइड भरपूर. डायमिथाइलअमाइन जवळजवळ नाही. हे बाहेरून घातलेलं आहे.”

ट्रकवाल्याचं हसू मावळलं. मोकाशी पंचनाम्याचा कागद काढू लागले.

गंधपाल उर्वीपाशी येऊन थांबला. “माझ्या यादीत एकशे बारा नियम आहेत. त्यांतल्या एकशे चार नियमांत अजून एकेकच प्रश्न आहे.”

उर्वीनं खिशातलं बिस्कीट मोडून अर्धं तोंडात टाकलं आणि ओट्यावर सरकून त्याच्या नाकाला जागा करून दिली.

“वाच,” ती म्हणाली. “पहिल्यापासून.”