कोलकाता ते कल्याण

विश्वास ठेवा, नका ठेवू. माझ्या घरात घडलंय, म्हणून सांगतेय.

मागच्या वर्षीचा मार्गशीर्षातला रविवार. कल्याणला खडकपाड्यातलं आमचं घर. तेही भरदिवसा.

सकाळी नऊला बाबा गेले. हार्ट अटॅक. माझा धाकटा भाऊ सुशांत कोलकात्याला नोकरीला. बाबांचे भाऊ पंढरीकाका, त्यांनी मला बजावलं, की त्याला खरं सांगायचं नाही. एवढ्या लांबून एकटा येणार, वाटेत त्याला कोण सावरणार? आपल्याकडे असंच करतात. मीही केलं. म्हटलं, बाबा सीरियस आहेत, आता झोपलेत, तू ये.

कोलकाता ते मुंबई हवाई अंतर साधारण साडेसोळाशे किलोमीटर. पावणेतीन तास. अग्नी मुलानेच द्यायचा, म्हणून बाबांना बर्फावर ठेवलं आणि मी मोबाइलवर विमान बघत बसले. बाराशे उरले... सातशे... दोनशे. एवढं अंतर उडून आलेला माणूस विमानतळावरून कल्याणला यायला मात्र दोन तास घेणार, याचा मला नुसता संताप येत होता.

सव्वादोनला विमान उतरलं. त्याने लाइव्ह लोकेशन पाठवलं. वीस-पंचवीस मिनिटांत फोनही आला. मी रडू आवरलं.

सुशांत हसत होता...

"ताई, काय घाबरवलंस गं. बाबा ठणठणीत आहेत. स्वतः गाडी घेऊन घ्यायला आलेत मला."

माझा हात बाबांच्या पायावर होता.

पाय गार होते.

मी सगळं सांगून टाकलं. बाबा सकाळीच गेले रे, माझ्यासमोर आहेत, त्या गाडीत बसू नकोस.

तो चिडला. "सकाळी झोपलेत म्हणालीस, आता गेले म्हणतेस. कशावर विश्वास ठेवू मी?"

मागून आवाज आला... "बाळ्या, चल. उशीर होतोय."

बाबांचाच.

फोन कट झाला. परत लागलाच नाही. लोकेशन मात्र चालू होतं.

विक्रोळी. मुलुंड. ठाण्याचा माजिवडा.

काका बाइक काढून राजनोली नाक्यावर जाऊन उभे राहिले. कल्याणला तिथूनच वळतात. मी फोनवर त्यांना सांगत होते, ठिपका जवळ आला... अजून जवळ... आता तुमच्यासमोर आहे.

पलीकडे एकही हॉर्न ऐकू येत नव्हता.

"अगं, इथे एकही गाडी नाहीये," काका म्हणाले.

रविवारी दुपारी साडेतीनला. राजनोली नाक्यावर.

ठिपका वळला नाही. नाशिकच्या दिशेने सरळ गेला आणि शहापूरच्या पुढे दिसेनासा झाला. आम्ही नुसते बघत राहिलो.

बाबांना काकांनीच अग्नी दिला. सुशांत अजून सापडलेला नाही. विमानतळाच्या कॅमेऱ्यात तो बाहेर पडताना दिसतो. एकटाच. बाजूला बघून बोलतोय.

मला रोज एकच गोष्ट खाते. सकाळीच खरं सांगितलं असतं, तर बाबांना समोर बघून तो घाबरला असता. पळाला असता.

बाबा आहेत, असं त्याला मीच सांगितलं होतं.