रविवारचं फोल्डर

"येवढ्या दर्यात खंय शोधूचो सत्यवानाक?" ट्रॉलरवाले दाजी सायबर कॅफेच्या दारातूनच ओरडले. "त्याच्यो मासेमारीच्यो जागा सांगा, मी आत्ता निघतंय!"

मे सरत आला होता. समुद्र काळाठिक्कर पडला होता आणि जान्हवीच्या बाबांची, सत्यवानची, होडी कालपासून बेपत्ता होती. वायरलेसही मुका! मासे मिळायच्या जागा सत्यवानने सख्ख्या भावालाही सांगितल्या नव्हत्या. कुठला मच्छीमार सांगतो? जीपीएसमधल्या त्या खुणा त्याने फक्त लेकीकडून, गेल्या रविवारी, सायबर कॅफेवाल्या भाईंच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. वर ताकीद होती, "कोणाक सांगू नको!"

आज ती ताकीद मोडायचीच, असं जान्हवीने ठरवलं. पण फाइल जागेवर नव्हती!

"भाईकाका, माजी फाइल खंय?"

"आज सकाळीच पुसलंय गो. बॅकप आसा मां!" भाईंना सिनेमे साठवायला जागा हवी होती. "पण बॅकपाचो रोज एक भरलेलो फोल्डर! रविवारपासूनचे सगळे पुसलंय, तरी जागा होणा नाय. आता ह्यो कालचो शेवटचो..." त्यांचं बोट बटणाकडे निघालं.

"काका, हात लावू नको!" त्यांचा पुतण्या निकेत झेपावला. सुट्टीत तो बॅकप त्यानेच लावला होता.

जान्हवी मात्र रडवेली झाली. "बदललेली फाइलच नव्यान उतरता, तूच सांगितलंस मां? माजी बदलूकच नाय! ती रविवारच्या फोल्डराबरोबर गेली!"

"नाय गेली! न बदललेल्या फाइलीची परत प्रत होणा नाय, नव्या फोल्डरात तिकाच आणखी एक नाव लागता. हार्ड लिंक म्हणतत तेका. तुज्या बाबांका तू बाबा म्हणतंस, दाजी सत्यवान म्हणतत. माणूस एकच मां? एक नाव पुसला तरी दुसरा आसा तवसर फाइल जिती!"

"म्हणान जागा होणा नाय?" भाईंचा चेहरा उतरला.

"होय. आणि ह्या शेवटचा नाव, काका." निकेतने माउस स्वतःकडे ओढला.

फोल्डर उघडलं. खुणा होत्या! दाजी छापलेला कागद घेऊन धावतच सुटले.

मग नुसतं वाट बघणं. जेटीवर वारा झावळ्या पिळत होता. अंधारून येताना ट्रॉलर दिसला. मागे दोराला सत्यवानची होडी होती! इंजिन बंद पडल्यावर तो खुणेतल्याच एका खडकाजवळ नांगर टाकून पाणी उपसत बसला होता.

"पोरांनी वाचवल्यानी रे तुका!" दाजींनी दोघांच्या पाठीवर थाप मारली. "आणि तुज्या जागेर आमचा जाळा पडूचा नाय. शब्द!"

भाई मान खाली घालून उभे होते. सत्यवान लेकीकडे बघत राहिला.

"ताकीद मोडलंस मां?"

जान्हवीने मान डोलावली. त्याने तिला ओलेत्यानेच जवळ घेतलं.

"बरा केलंस गो. आणखी एक जागा आसा, खंयच लिवक नाय. माज्या एकट्याच्याच डोक्यात आसा." तो तिच्या कानाशी वाकला. "ती तुका आजच सांगतंय."